ताई, तुझी मान हलली होती

सापडलं, ताई. तुझे दोन आकडे का जुळत नव्हते ते सापडलं. तू गेल्यावर सतराव्या दिवशी, दुपारचा डबा खाऊन झाल्यावर, संगणकासमोर बसल्या बसल्या सापडलं. आधी मी मोठ्याने हसलो. ते ऐकून शेजारच्या खोलीतून आमची तंत्रज्ञ प्राजक्ता आली, तोवर माझे डोळे भरून आले होते. बिचारीला हसावं की पाणी आणावं कळेना. मी म्हटलं, "चहा सांग," आणि तोंड फिरवलं.

तुला हे अर्धवट सांगून चालणार नाही, पहिल्यापासून सांगावं लागेल. अर्धवट सांगितलेलं तुला कधी खपलंच नाही. लहानपणी मी नुसतं "ग्रहण लागणार आहे" म्हटलं, की तुझं "कवा, कशानं, किती येळ" सुरू व्हायचं. मला उत्तर येत नसलं की "मंग इचारून ये" म्हणून मास्तरांकडे पिटाळायचीस. मी शास्त्राच्या वाटेला लागलो तो या पिटाळण्यामुळे, हे तुला एकदा सांगायचं होतं. ते राहिलंच.

खालापूरच्या लॅबमध्ये तू चौतीस वर्षं लोकांचं रक्त काढलंस. रसायनीच्या कारखान्यांत कामगारांची वार्षिक तपासणी असली की तू, कळंबच्या पुढे एखाद्या म्हाताऱ्याला अंथरुणातून उठता येत नसलं की स्कूटरवर तू. तुझा हात लागला की पोरं रडायचं विसरतात, असं लोक म्हणत. आणि मी तुझा धाकटा भाऊ, पनवेलच्या पुढे एका इस्पितळात पेट स्कॅनच्या यंत्रामागे बसणारा भौतिकीवाला, गेली तीन वर्षं एकाच खटपटीत होतो. मेंदू किती साखर जाळतो हे मोजताना माणसाला रक्तासाठी टोचावं लागू नये, एवढीच माझी खटपट. बहीण सुईवर जगते आणि भाऊ सुईच्या मुळावर उठलाय, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस.

हे काम मी तुला पहिल्यांदा समजावलं ते कडावच्या घरी, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. तू ऋषीच्या भाजीची पानं निवडत होतीस.

"मेंदू खातो म्हंजी काय खातो?"

"साखर."

"आन कुनाचा किती खातो ते कसं कळतं रं?"

मी सांगितलं. साखरेसारखं एक औषध शिरेतून सोडायचं. त्यातून किरण निघतात ते यंत्राला दिसतात. मेंदूचा जो भाग भुकेला तो जास्त ओढतो आणि चित्रात उजळ दिसतो. तू लगेच म्हणालीस, मग झालं की, चित्र बघायचं आणि सांगायचं. मी म्हटलं, तसं होत नाही. चित्रात जमलेली साखर दिसते. पण त्या तासाभरात रक्तातून मेंदूपुढे किती साखर आली होती, हे कळल्याशिवाय भुकेचा आकडा निघत नाही. तू हातातलं पान तसंच धरून विचार केलास. मग म्हणालीस, "बरोबर हाय. चार भाकऱ्या पोटात गेल्या म्हणून भूक मोठी असं नाय. वाढणारी किती येळा फिरली ते बी बगाया पायजे."

ताई, हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवत आलो. कुणाचं आहे ते एकालाही सांगितलं नाही. माझंच असल्यासारखं ऐकवलं.

वाढणारीच्या फेऱ्या मोजायच्या तर मनगटातल्या धमनीत सुई घालून ठेवावी लागते. शीर नाही, धमनी. ती खोल असते, दुखते, तिला डॉक्टर लागतो, आणि पहिल्या मिनिटात दर काही सेकंदांनी रक्त काढावं लागतं, मग तासभर थोड्या थोड्या वेळाने. हे ऐकलं की लोक चप्पल घालतात. म्हणून बहुतेक ठिकाणी हे मोजमाप करतच नाहीत, नुसतं चित्र बघून भागवतात. माझं म्हणणं असं होतं की मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी त्याच चित्रात दिसते. मग रक्त तिच्यातूनच वाचावं, डोळ्यांनी. अडचण एवढीच की ती धमनी पेन्सिलीपेक्षा बारीक आणि यंत्राची नजर थोडी अधू, त्यामुळे तिच्या कडा पसरतात. ते पसरणं हिशेबात घेऊन खरा आकडा काढायची रीत मी बसवत होतो. आणि ती बरोबर आहे हे दाखवायचं तर प्रत्येकाचं दोन्ही करायचं, सुईनेही आणि बिनसुईनेही, आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे.

"म्हंजी सुई घालवाया आधी समद्यांना सुई टोचायची?" असं म्हणून तू इतकी हसलीस की भावोजी आतून बघायला आले.

पण त्याच दुपारी आपलं वाजलं. तू म्हणालीस, दोष सुईचा नसतो, हाताचा असतो. मी म्हटलं, हात कितीही चांगला असला तरी टोचणं ते टोचणंच. मग तू कळंबच्या त्या आजींची गोष्ट काढलीस. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी तपासायला सांगितलेली साखर त्या दर महिन्याला तपासून घ्यायच्या, कारण तेवढ्यापुरतं कुणीतरी येऊन त्यांचा हात हातात घ्यायचं. "सुई गेली तर मानसाजवळ बसंल कोन? तू काचंच्या पल्याड बसनार." अडलो की मी जे करतो तेच केलं. म्हटलं, "तुझं दुकान बंद पडेल म्हणून बोलतेस." तू पानं उचललीस आणि आत गेलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी माफी मागितली नाही. तूही तो विषय परत काढला नाहीस.

वर्षभराने तुझा फोन. लॅब सोडून तुला दोन महिने झाले होते. "तुझ्या त्या यंत्रात मला झोपव." साठीच्या पुढचे लोक मला मिळत नव्हते, मी खूश झालो. मला वाटलं, तू मला मदत करतेस. मला वाटलं, दुकानाचं बोलणं तू विसरलीस. माणूस स्वतःच्या सोयीचं किती पटकन समजून घेतो बघ.

खालापूरहून गाडीत बसल्यापासून तुझे प्रश्न चालू. सकाळपासून उपाशी होतीस, चहासुद्धा नाही, तरी तोंडाला खळ नव्हता. जास्त विचार केला तर मेंदू जास्त खातो का? मी म्हटलं, एकूणात जवळजवळ तेवढंच. गणित सोडवा नाहीतर भिंतीकडे बघा, मेंदूचा एकूण खर्च फारसा हलत नाही. ते तुला अजिबात पटलं नाही. "मंग इचार करून दमायला कसं व्हतं?" मी म्हटलं, ते अजून नीट माहीत नाही. "तुमाला बरंच माहीत नाय की रं," म्हणालीस, पण खुशीत म्हणालीस. ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही अशा प्रश्नापाशी पोचलं की तुझा चेहरा असाच व्हायचा. झोपेत किती? रागात किती? म्हशीचा मोजता येईल का? चौकचा फाटा गेल्यावर तू म्हणालीस, "शेवटी शेवटी आयचा मेंदू काय खात असंल?"

आई तुला तिची बहीण समजायची आणि मला ओळखायचीच नाही, ती तीन वर्षं आपण दोघांनी काढली होती. मी म्हटलं, "कमी खात असणार." मी रेडिओ लावला.

आता त्या तासाभराचं सांगतो. डॉक्टरांनी तुझ्या मनगटात सुई घातली तेव्हा तू त्यांच्या हाताकडे बघून "बरा हाय" असं प्रमाणपत्र दिलंस. डोकं हलू नये म्हणून प्राजक्ताने कपाळावर पट्टा बांधला. तिला या कामात दोनच वर्षं झालीत. धमनीतलं रक्त काढायला तीच बसली. मी काचेपलीकडे, किरण मोजण्याच्या पडद्यावर नजर लावून. तास संपला, तुझ्या मनगटावर दाबून पट्टी बांधली. तू उठून बसलीस आणि विचारलंस की आता भाकरी मिळंल का. घरून आणलेली भाकरी आणि सुकटीची चटणी आपण गाडीत खाल्ली. रात्रीपर्यंत नातवाला मांडीवर घेऊ नकोस एवढं मी सांगितलं. तू म्हणालीस, "म्हंजी मी आज चमकते काय रं?"

आकडे आठवड्याभरात निघाले. सुईचा आकडा कमी होता, तुझ्या वयाला असावा त्याहून बराच कमी. माझ्या रीतीने काढलेला आकडा छान होता, अगदी असायला हवा तसा.

चित्र बघून काही ठरत नव्हतं. एखादा भाग काळवंडला असता तर डोळ्याला दिसला असता. पण सगळाच मेंदू सारखा मंद झाला असेल, तर चित्र तसंच दिसतं, फसवतं. म्हणून तर आकडा लागतो, हे मी भाषणांतून सांगत हिंडत होतो. आता माझ्यासमोर दोन आकडे होते. सुईचा खरा असेल, तर माझी बहीण आईच्या वाटेला लागल्याची शंका होती आणि माझी तीन वर्षांची रीतही चुकली होती. माझा खरा असेल, तर दोन्ही बरं होतं.

दुसऱ्या कुणाचे आकडे जुळले नाहीत तर मी काय करायचो ते तुला सांगतो. पहिल्या मिनिटापासूनची सगळी चित्रं एकामागून एक लावायची आणि मान हलली का बघायचं. अर्ध्या तासाचं काम. तीन जणांचं केलं होतं. तुझं केलं नाही. वेळ नाही म्हणालो, यंत्राची दुरुस्ती चालू आहे म्हणालो, आधी बाकीचे संपवू म्हणालो. हे सगळं मी दुसऱ्या कुणाला सांगत नव्हतो, स्वतःलाच सांगत होतो.

आणि तू दर रविवारी फोन करायचीस. "माझ्या डोक्याचं काय झालं रं?"

"चालू आहे काम."

"दोन आकडं आलं ना? कुठला खरा?"

"तेच बघतोय."

आठ महिने, ताई. संमतीच्या कागदावर मीच एक ओळ लिहून ठेवली होती, की भाग घेणाऱ्याने निकाल मागितला तर तो कळवला जाईल. तू एवढ्या वेळा मागितलास. शेवटच्या रविवारी तू नेहमीसारखी हसत नव्हतीस. "जे असंल ते सांग, नंदू. मी काय लहान नाय."

"पुढच्या रविवारी बसू निवांत," मी म्हटलं.

तू म्हणालीस, "तू जेवलास का?" गुरुवारी सकाळी भावोजींना "छातीत कसंतरी होतंय" म्हणालीस, ओटीवर बसलीस, आणि गाडी येईपर्यंत संपलं होतं.

दहाव्याला तुझे लॅबवाले डॉक्टर आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताईंनी काम का सोडलं माहीत आहे ना?" मी म्हटलं, वय झालं म्हणून. ते म्हणाले, नाही. एका सकाळी तुझ्या लक्षात आलं की दोन माणसांच्या रक्ताच्या नळ्यांवर, ज्यांना तुम्ही बल्ब म्हणता, तू एकच नाव लिहिलंस. कुणी पकडलं नव्हतं, तूच पकडलंस. दोघांना परत बोलावून पुन्हा रक्त काढलंस, त्यांची क्षमा मागितलीस आणि त्याच संध्याकाळी किल्ल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्यास. ते म्हणाले, चौतीस वर्षांत एकदा होतं असं. तू म्हणालीस, "आयचं बी एकदाच झाल्तं पयलं."

मी तिथे उभा होतो, हातात कुणीतरी दिलेला चहा. माझ्यासाठी तू त्या यंत्रात झोपली नव्हतीस, हे मला तेव्हा कळलं. तुला माहीत करून घ्यायचं होतं. तुझ्या ओळखीचा एकच माणूस ते मोजत होता आणि तो तुझा भाऊ होता.

त्यानंतर तुझी फाईल उघडायला मला आणखी आठवडा लागला. अर्ध्या तासाचं काम वीस मिनिटांत झालं. पहिली दहा सेकंदं मान सरळ. मग औषधाची लाट मानेत पोचते, नेमकी त्याच वेळी तुझी हनुवटी उजवीकडे वळते, जिकडे प्राजक्ता तुझ्या मनगटापाशी बसली होती. कपाळ पट्ट्यात, खालची मान वळलेली. अर्धं मिनिट तशीच. मग परत सरळ, आणि उरलेला तास दगडासारखी स्थिर.

मी प्राजक्ताला विचारलं. ती म्हणाली, "हो सर, मावशी मला सांगत होत्या. दांडा झटक्यानं वढू नको, रक्त फुटतं. हळू वढ, माझ्याकडं बगू नको, सिरिंजकडं बग. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मी कसा हसलो ते आता कळलं असेल तुला. जगात दुसऱ्या कुणाची मान या कारणासाठी हलली नसती. स्वतःच्या धमनीत सुई, कपाळाला पट्टा, आणि ही बाई रक्त काढणाऱ्या पोरीला शिकवतेय! सुईजवळ कुणीतरी बसलेलं असतं असं तू म्हणाली होतीस. तिथे दोघी बसल्या होत्या, आणि मी काचेपलीकडे पडदा बघत होतो.

मान वळली तशी धमनी मी आखलेल्या जागेतून सरकली. लाट तिथून गेली आणि माझ्या हिशेबात आलीच नाही. वाढणारीच्या सगळ्यात मोठ्या फेऱ्या मी मोजल्या नाहीत, म्हणून तुझी भूक होती त्याहून मोठी दिसली. मी धमनी पुन्हा आखली, प्रत्येक चित्रात ती जिथे होती तिथे. तुझा बिनसुईचा आकडा खाली आला आणि सुईच्या आकड्याशेजारी जाऊन बसला. इतका जवळ, की शोधनिबंधात दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळणार नाही.

माझी रीत बरोबर आहे, ताई. ज्या क्षणाची तीन वर्षं वाट बघितली, तो असा आला.

तू असतीस तर आता हिशेब मागितला असतास, म्हणून देतो. एका तासाच्या एका आकड्यावरून निदान होत नाही, हे मी शपथेवर सांगेन. आकडा कमी येण्याची दुसरी कारणं असतात. पण तो घेऊन आपण दोघं एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडे गेलो असतो. तू त्यांना भंडावून सोडलं असतंस. बल्बवरच्या नावांचं तू मला कधीतरी सांगितलं असतंस, मी रेडिओ लावला नसता. ते आठ महिने तू एकटीने काढलेस, आणि मी सोबत असू शकत होतो. याचा मला राग येतो, आणि तो काढायला तूही नाहीस.

आपल्या भांडणाचंही सांगून टाकतो. सुई नसती, तर मला हवा तोच आकडा खरा ठरला असता. कुणाला शंका आली नसती, मला तर नाहीच. आता ही रीत लोकांपर्यंत जाईल, पुष्कळांचं टोचणं वाचेल, आणि ते मला अजूनही हवंय. पण यापुढे ते पहिलं मिनिट मी काचेच्या पलीकडून बघणार नाही. माणसाजवळ उभा राहून बघेन. दुकानाचं जे बोललो त्याबद्दल मला माफ कर. हे तेव्हाच, पानं निवडता निवडता, म्हणायला हवं होतं.

आणखी एक. इतक्या लोकांना मी त्या यंत्रात झोपवलं, स्वतः कधी झोपलो नाही. मोजणाऱ्याने स्वतःचं मोजू नये, असं एक भारदस्त कारण मी तयार ठेवलं होतं. आई माझीही होती, हे खरं कारण. इस्पितळाच्या समितीकडे रीतसर अर्ज केला आणि गेल्या मंगळवारी झोपलो. सुईनेही आणि बिनसुईनेही. सुई दुखते ताई, हात चांगला असला तरी. हिशेब प्राजक्ताला करायला सांगितला, आणि काल तो संपत आला तेव्हा मी व्हरांड्यात बसून राहिलो. चार वाजता ती कागद घेऊन बाहेर आली. म्हणाली, "सर, दोन्ही आकडे जुळतात. मान हलली नाही, मी बघितलंय." तुझ्या रविवारच्या फोनांचं मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने विचारलं, "आत्ता सांगू, की पुढच्या रविवारी बसू या निवांत?"

मी म्हटलं, "आत्ता सांग."